विवाहित विरुद्ध अविवाहित

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी विवाहित विरुद्ध अविवाहित असा क्रिकेटचा सामना होतो. अविवाहितांचा कप्तान मी. गेली सोळा वर्षं मीच. फुशारकी मारत नाही, दुसरं कुणी तयारच होत नाही. कप्तान झालं की लग्न जमत नाही, असं पोरं म्हणतात. अरे गाढवांनो, जमत नाही म्हणून तर कप्तान झालोय!

पूर्वी आमच्या संघात मिसरूड न फुटलेली पोरं असायची आणि लग्न झालेले बाप्ये त्यांना धुवायचे. आता आमच्याकडं निवडीला पन्नासच्या वर गडी उभे राहतात, बहुतेक तिशी ओलांडलेले, निम्म्यांना टक्कल. पलीकडं अकरा भरायची मारामार. म्हणून अलीमभाई टेलर, वय अठ्ठावन्न, अजून विवाहितांकडून गोलंदाजी करतात. त्यांचा आकिब तेहतीस वर्षांचा, तो आमच्यात. बाप टाकतो, पोरगा टोलवतो. गावाला यात आता काही नवल वाटत नाही.

दहावीला आमच्या वर्गात सदतीस पोरं आणि एकवीस पोरी होत्या. आम्हाला वाटायचं, पोरींची चैन आहे, बाकावर ऐसपैस बसायला मिळतं. बाकीच्या पोरी कुठं गेल्या ते घरोघरच्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. ज्या एकवीस होत्या, त्या पुण्याच्या नोकरदारांनी नेल्या. माझा सात एकर ऊस आहे, दोन बोअर आहेत, ट्रॅक्टर आहे, बी.कॉम. झालोय. त्याचं कुणाला काय!

तर यंदा जत्रेच्याच दिवशी मला बघायला पाहुणे आले. हो, मलाच. पोरगी बघायला जायचे दिवस गेले, आता पोरीकडचे येऊन पोरगा, गोठा आणि संडास बघून जातात. जामखेडकडचे रंगनाथराव, त्यांची मुलगी सत्यशीला आणि मुलगा नवनाथ. कागदावर माझं वय बत्तीस लिहिलं होतं. खरं सदतीस. आई म्हणाली, "पाच वर्षं म्हंजी काय रं, उसाचं पाच तोडं. गुमान बत्तीस सांग."

मी गुमान सांगितलं. सत्यशीलेनं गोठा बघितला आणि विचारलं, "धारा कोन काढतं?" म्हटलं, मीच. "मंग बरंय," म्हणाली आणि हसली. मला ती आवडली. आडपडदा कशाला ठेवू, लई आवडली. पोह्यांची ताटली हातात तशीच राहिली माझ्या.

माझी धाकटी बहीण राजेश्वरी नगरला दवाखान्यात नर्स आहे. जत्रेसाठी दोन दिवस रजा टाकून आली होती. तिनं मागून चिमटा काढला. "दादा, तोंड मिट. माशी जाईल."

सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात रंगनाथराव म्हणाले, "सामना हाय म्हनं तुमचा. चला की, बघू." नाही कसं म्हणणार?

मैदानावर माईक माझ्या जिवलग मित्राच्या, कारभारीच्या हातात. हा माणूस माझ्यासाठी जीव देईल, पण माईक सोडणार नाही. मला बघताच त्यानं सुरुवात केली, "मंडळी, सामन्याआधी एक सत्कार! वयाच्या एकविसाव्या वर्षापासून सलग सोळा वर्षं अविवाहित संघाची धुरा वाहणारे, एकदाही संघ न सोडणारे, आपले लाडके कप्तान आदिनाथ!" शाल आली. नारळ आला. टाळ्या कडकडल्या. आई मांडीत तोंड खुपसून बसली.

रंगनाथरावांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. सावकाश, दोन्ही हातांवर. मग मला खुणेनं मंडपामागं बोलावलं. झालं, म्हटलं, आता आईबहीण निघणार. आमची फलंदाजी सुरू झाली होती आणि माझा नंबर पाचवा होता, म्हणून गेलो. मागोमाग बाकीचेही आले. राजेश्वरी उसाच्या रसाचे ग्लास घेऊन आली.

"सदतीस," रंगनाथराव म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"आसू द्या. आमचा नवनाथ छत्तीसचा हाय. लोकास्नी एकतीस सांगतो. आदिनाथराव, तुमचंबी अडलंय, आमचंबी अडलंय. साटंलोटं करू. आमची सत्यशीला तुमाला, तुमची राजेश्वरी आमाला. एकाच मांडवात दोन्ही लग्नं. देनंघेनं काय न्हाई."

नवनाथ चपलेनं माती उकरत होता. सत्यशीला खाली बघत होती, म्हणजे तिला हे माहीत होतं. आई म्हणाली, "तसं वाईट न्हाई," आणि माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. राजेश्वरी सगळ्यांच्या हातात रसाचे ग्लास देत होती, आणि तिला कुणी काही विचारलंही नव्हतं.

मैदानात अलीमभाईंनी चेंडू टाकला. आकिबनं उचलून मारला. चेंडू मारुतीच्या देवळाकडं गेला, पोरं मागं पळाली, कारभारीनं चौकार जाहीर केला, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या. मग मी म्हणालो, "न्हाई जमायचं. बहीण बदल्यात द्यायची नसती."

वाक्य चांगलं होतं. रंगनाथरावांनी मान डोलावली, रस संपवला आणि राम राम करून निघाले. सत्यशीला जाताना "येते" म्हणाली. ते जाण्याचं येते होतं, मला कळलं. मी आत गेलो, पहिल्याच चेंडूवर बाद झालो आणि तरीही आम्ही जिंकलो.

संध्याकाळी राजेश्वरीला एसटीवर सोडायला गेलो. रजा एक दिवस उरली होती, तरी ती निघाली. वाटेत ती तोंड फिरवून उसाकडं बघत बसली. मला वाटलं, भरून आलंय पोरीला. असा भाऊ मिळाला म्हणून. फाट्यावर गाडी उभी करून मीच म्हणालो, "बग, न्हाई म्हनालो का न्हाई?"

"व्हय," ती म्हणाली. "चौकार गेल्यावर."

एसटी आली. ती पिशवी घेऊन चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसली. मला ओरडून सांगायचं होतं की अगं, मी गडबडलो होतो, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. पण होतं. आमच्या खळ्यात दोन्हीकडचं वऱ्हाड मावेल का, ते मी बघत होतो.