गच्चीवरची सान्छी

"कॅन्सर परत आलेला नाही," डॉक्टर मिन म्हणाल्या. युझनला इतकं हलकं वाटलं की तिथेच त्यांच्यापुढे गुडघे टेकावेत. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा काही आनंदाची बातमी देणाऱ्या माणसाचा नव्हता.

"मग पोट का फुगलंय त्याचं? डोळे का पिवळे झालेत?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय. काय खायला घालताय?"

युझनला रागच आला. लपवाछपवी करणाऱ्यातली ती नव्हती. वसंतात नवऱ्याच्या, बाओगनच्या, यकृतातली गाठ याच इस्पितळात कापून काढली होती. तेव्हापासून इथल्या गोळ्याही चालू होत्या आणि गावातल्या कू वैद्यांचा काढाही. वैद्यांनी स्वतःच आपला कागद डॉक्टरांना दाखवायला लावला, डॉक्टरांनी त्यातली एक मुळी वगळायला सांगितली, आणि वैद्यांनी कुरकुर न करता ती वगळली. नदीच्या मुखाजवळच्या या मुलुखात घराआड यकृताचा रोगी. दोन्हीकडचं औषध घेणं ही इथली रीतच होती. काढ्याने बाओगनची भूक परतली. उन्हाळ्यात तर तो वाडगाभर भात संपवून वर बायकोच्या खेकड्यांना नावं ठेवू लागला होता. नवरा नावं ठेवायला लागला की सुधारतोय, एवढं युझनला इतक्या वर्षांच्या संसारात कळत होतं.

"काढाच देते, तुम्ही पाहिलेला," ती म्हणाली. "आणि सान्छी, ती मुक्या मारावरची औषधी. तीही वैद्यांनीच सांगितली, कुशीत दुखतं म्हणून. चिमूट-चिमूट."

"पूड?"

"पूड कशाला? आमच्या शेजारणीच्या गच्चीवर ताजी आहे की. रोज सकाळी पानं चिरून अंड्यात घालते."

डॉक्टर मिन यांनी पान पाहायला मागितलं. युझनच्या पिशवीत डबा होताच. अंड्याची पोळी अजून कोमट होती आणि वर थोडी कच्ची पानंही होती, तोंडाला चव यावी म्हणून.

"मावशी, सान्छीचं मूळ वापरतात. दगडासारखं टणक असतं. ती दक्षिणेच्या डोंगरात होते, आपल्या खाऱ्या मातीत नाही होत. ही वेगळीच वनस्पती आहे, हिला इथले लोक नुसतं सान्छी म्हणतात. ही पानं यकृतातल्या बारीक शिरा बुजवतात. धडधाकट माणसाच्यासुद्धा."

युझनने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून ती ते दाबत राहिली.

गावात कोणाचा पाय मुरगळला, कोणी शिडीवरून पडलं, की सगळे शेजारच्या छुइफांगच्या गच्चीकडे धावत. तिनेही कधी कोणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. "दुकानातली जुनाट पूड कशाला, ताई?" असं म्हणून पहिली जुडी ती आपण होऊन घेऊन आली होती. युझनने विचार केला, चिमटीने गुण येतो तर मुठीने किती येईल! प्रेमाला माप कळत नाही, हे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. जळो ते कौतुक. माप कळणारी एखादी कंजूष बायको बाओगनच्या वाट्याला आली असती, तर तो या घडीला बांधावर बसून गळ टाकत असता.

पानं त्याच दिवशी बंद झाली. पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. ज्या यकृतातून गाठ एवढी निगुतीने काढली होती, तेच आता काम सोडत चाललं होतं.

"म्हातारे," एका दुपारी बाओगन म्हणाला, "डॉक्टरीण तुला काय बोलली ते मी ऐकलंय. माझं पोट फुगलंय, कान फुटलेले नाहीत."

युझन त्याच्या उशाशी बसली. "म्हाताऱ्या, मीच तुला..."

"गप. गावात सांग, रोगाने गेला. इथे सगळे त्यानेच जातात, कोणी वर प्रश्न विचारायचं नाही. तुला कोणी बोल लावलेला मला नाही चालणार." मग जरा दम घेऊन म्हणाला, "अंडी बरी करायचीस. मीठ तेवढं जास्त."

तिने कबूल केलं. थंडी पडायच्या आत तो गेला.

अंत्यविधीनंतर रीतीप्रमाणे असणाऱ्या टोफूच्या जेवणाला सगळी गल्ली लोटली. छुइफांग सकाळपासून राबत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "मेला रोगच वाईट," असं जो तो म्हणत होता, आणि युझन मान डोलवत होती. नवऱ्याला दिलेला शब्द सोपा होता, नुसतं गप्प बसायचं. तेवढ्यात समोरच्या शन मावशींनी फडकं बांधलेलं मनगट टेबलावर ठेवलं, आणि छुइफांग त्यांना वाढता वाढता म्हणाली, "उद्या या हं मावशी, ताजी सान्छी देते. चार दिवस अंड्यात घालून खा."

युझनने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"नका घेऊ, मावशी."

"का गं? बाओगन खायचा ना?"

"खायचा म्हणूनच गेला. कॅन्सर परत आलाच नव्हता. ती पानं खरी सान्छी नव्हेत, विष आहे ते. मी माझ्या हाताने भरवलं त्याला."

टेबलावर कोणी घास उचलला नाही. एवढ्या जेवणाऱ्या माणसांत आपल्याला आता कायमचं नाव पडलं, हे युझनला कळत होतं. बाओगनचा शब्द मोडला याचं तिला त्याहून जास्त दुःख होतं. छुइफांग पळी तशीच धरून उभी होती. मग ती युझनच्या शेजारी येऊन बसली आणि अगदी हळू बोलली.

"ताई, आमच्या ह्यांची पाठ दुखायची. मीपण द्यायचे."

छुइफांगचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला होता. यकृतानेच, असं गाव म्हणत होतं. त्याला शेवटचे कपडे चढवायला युझन गेली होती. पोटावर बटणं लागेनात, म्हणून सदरा पाठीकडून उसवावा लागला होता.

"त्यांचं पोट... तुम्ही पाहिलं होतंत ना, ताई? तेही असंच होतं का हो?"

"नाही," युझन म्हणाली. "त्याचा रोगच होता."