तैलनाथाचा तांब्या

विंचूर चौफुलीवर गुरुवारी भर दुपारी मोटारसायकलींची रांग लागली होती. पेट्रोलसाठी नव्हे हो, दर्शनासाठी! हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू आणि मालकाच्या हातात नारळ. पुढं मांडवात धुनी पेटलेली, उदाचा धूर असा की डोळे चुरचुरावेत, आणि धुनीवरच्या तिपाईवर एक भलाथोरला तांब्या. त्यामागं तैलनाथ महाराज. अंगाला राख फासणारे पुष्कळ पाहिले, या पठ्ठ्यानं कपाळावर ग्रीसचा टिळा ओढला होता!

"गाडी खडखड करते म्हंजे काय रे बच्चा?" महाराज गरजले. "आतला जीव रडतोय! मिस्त्री काय करतो? पाना घेऊन त्याचं पोट फाडतो. आम्ही त्याला पाजतो!"

"पाजा महाराज, पाजा!" गर्दी ओरडली.

"पण ऐका. पाजल्यावर सव्वा महिना मिस्त्रीचा हात लागू द्यायचा नाय. अन् वाटेत मागं वळून बघायचं नाय. बघितलं की कृपा उडाली!"

मागं न बघता मोटारसायकल चालवायची! रांगेशेजारी उभ्या वेदिकानं कपाळावर हात मारला. निफाडच्या शाळेत ती मुलांना विज्ञान शिकवायची, आणि इथं तिचा जन्मदाता बाप, कारभारीआप्पा, नारळ घेऊन रांगेत उभा होता.

आप्पा लासलगावच्या कांदा मार्केटात मापारी. लिलावाच्या आधी पोचायचं म्हणून रोज पहाटेच्या थंडीत गाडी काढायचे. गाडी जुनी, आवाज करायची. शेजारच्या रहेमानचाचांनी मागच्या गुरुवारी आपल्या गाडीला हेच तेल पाजलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते येवल्याला मागावर पैठणी विणायला निघाले. विंचूर मागं पडतंय तोच इंजिन जॅम झालं, मागचं चाक जागीच अडकलं आणि चाचा रस्त्यावर आपटले. खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात, पैठणी मागावर अर्धवट. आणि उद्या पहाटे तशाच थंडीत, तेच तेल घातलेल्या गाडीवर आप्पा असणार होते.

यावर महाराजांचा निवाडा काय? "रहेमाननं मागं वळून पाहिलं!" सगळ्या गावानं मान डोलावली. डोलावणाऱ्यांत आप्पाही होते. आणि ज्याचं हाड मोडलं तो बिचारा चाचासुद्धा म्हणाला, "देखा था बेटी. मागून ट्रकचा हॉर्न आला, म्हणून बघितलं. माझीच चूक." ते ऐकून वेदिकाला रात्रभर झोप लागली नव्हती. माणसाला पाडायचं आणि वर त्यालाच गुन्हेगार ठरवायचं, ही कसली लाज सोडलेली रीत!

तिनं चाचांच्या अंगणात पडलेल्या गाडीची तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिली होती. तेल कसलं, काकवी! पट्टीवरून थेंब सुटेना. आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला पुस्तकाबाहेरचं काय दिसतंय का? डोळ्यांनी बघितलंय मी, आवाज बंद होतो!"

आवाज बंद होत होता, हे खरंच होतं. तिच्या डोळ्यांदेखत चेल्यांनी पुढच्या गाडीचं जुनं तेल काढलं, महाराजांनी फडक्यानं धरून तांब्या कलंडवला, किक मारली, आणि खडखड गायब! गर्दीनं "अहाहा" केलं. वेदिका मात्र तांब्याच्या धारेकडे बघत राहिली. तेल पाण्यासारखं पडत होतं. चाचांच्या अंगणात काकवी आणि इथं पाणी? तिनं पुढं होऊन तांब्याला बोट लावलं. चटकाच बसला.

"असं हाय होय!" ती स्वतःशीच म्हणाली.

आप्पांची पाळी आली. "महाराज," वेदिकानं शेजारच्या लस्सीवाल्याचा पेला पुढं केला, "आधी थोडा प्रसाद या पेल्यात द्या ना."

"घे पोरी, घे!" महाराज खूश झाले.

तिनं तो पेला घेतला. समोरच्या दुकानातून, आप्पांच्या गाडीला लागतं त्या तेलाचा सीलबंद डबा आणून दुसरा पेला भरला, आणि दोन्ही पेले लस्सीवाल्याच्या बर्फाच्या बादलीत ठेवले.

"हे काय चाललंय?" महाराज उठलेच. "तेलाची परीक्षा? शाप लागंल! तेल रुसंल!"

"रुसू द्या. जरा वेळ थांबा सगळे."

लोक थांबले. फुकटचा तमाशा कोण सोडतो! मग तिनं दोन्ही पेले वर काढून आडवे केले. दुकानातल्या तेलाची धार लागली. महाराजांचा प्रसाद पेल्याला चिकटून जागचा हलेना.

"गरम केलं की पातळ, गार झालं की घट्ट. घरातल्या तुपाचं होतं तसंच," वेदिका म्हणाली. "म्हणून तांब्या धुनीवर आणि मुहूर्त दुपारचा! पहाटेचा मुहूर्त का नसतो, विचारा की यांना. झिजलेल्या इंजिनात हे जाड तेल गादीसारखं बसतं, म्हणून आवाज दबतो. झीज तशीच राहते. आणि पहाटे गाडी गार असते, तेव्हा हा गोळा इंजिनच्या माथ्यापर्यंत चढतच नाही. लोखंडावर लोखंड कोरडं घासतं आणि जॅम होतं. या डब्यावर बघा, १० डब्ल्यू ३०. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहील ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर किती घट्ट राहील ते. हा मंत्र कंपनीनं छापूनच दिलाय!"

कांद्याचा ट्रक चालवणाऱ्या भिमाजीनं पेला नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "आयला! हे तर ट्रकच्या गिअरबॉक्सचं तेल हाय. ह्याचा वास मारायलाच ऊद जाळतोय व्हय ह्यो!"

महाराजांनी तांब्या तिथंच टाकला आणि चेल्यांसकट मागच्या मागं उसात घुसले. जीवांना पाजणारा हा योगी पळताना मात्र चार वेळा मागं वळून बघत होता.

गर्दीच्या कडेला, हात गळ्यात अडकवलेले रहेमानचाचा उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "बेटी, म्हणजे मी मागं बघितलं म्हणून नाही पडलो?"

"नाही चाचा. तुमची काहीच चूक नव्हती."

चाचा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मान डोलावणारं अख्खं गाव आता माना खाली घालून उभं राहिलं. थू त्या डोलावण्यावर! आप्पांनी हातातला नारळ चाचांच्या मांडीवर ठेवला. "मीबी म्हणलो व्हतो गड्या, तूच बघितलंस म्हणून. माफ कर."

तेव्हा बाबांनो, गाडीला तेल कुठलं, हे गाडी बनवणाऱ्याला विचारा. खडखड झाली तर मिस्त्रीकडे जा. कुणी चमत्कार दाखवला, तर तांब्याला एकदा हात लावून बघा. आणि मागून ट्रकचा हॉर्न आला, तर खुशाल वळून बघा.