कोकिळेच्या नावाचं रक्त

सत्तावन्न सालच्या आषाढात फ्लू मोरा बंदरावर लाँचमधून उतरला आणि आठवड्याच्या आत उरणभर झाला. ट्रस्टच्या कौलारू दवाखान्यात खाटा अठरा आणि आजारी साठ. नर्स नलूबाई स्वतः तापानं फणफणलेल्या, तरी पडल्या पडल्या इतरांचे ताप विचारत होत्या. रोग्यांच्या उशाशी उभी राहिली ती एकटी आया राही. तिचंही एक दिवस अंग मोडून आलं होतं, पण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि संध्याकाळपर्यंत विसरून गेली. राहीला तापसुद्धा भितो, असं लोक म्हणायचे. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

साथ ओसरली आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतून एक चष्मेवाला तरुण बाटल्यांची पेटी घेऊन आला. दवाखान्यातल्या सातही माणसांचं रक्त तपासायचं होतं. डॉक्टर चित्र्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवून समजावलं, की फ्लू येऊन गेला असला तर रक्तात अँटिबॉडी नावाचं काहीतरी उरतं. माणूस पडला नसला तरी उरतं. ज्याच्या रक्तात ते सापडेल त्याला हा फ्लू पुन्हा सहसा धरणार नाही. साथ परत आली तर कुणाला फ्लूच्या वॉर्डात पाठवायचं आणि कुणाला लांब ठेवायचं, ते त्यावरून ठरेल.

सातांतली सातवी होती कोकिळा, राहीच्या धाकट्या भावाची, तुळशीरामची बायको. राहीनंच तिला धुण्याच्या कामावर लावून दिलं होतं. कोकिळेला पाचवा महिना, नुकतीच चोरओटी भरलेली. आणि राहीच्या माहेरी एक नेम होता: ओटी भरली, की बाळंत होईपर्यंत त्या बाईच्या अंगातून रक्ताचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. कोयत्याला हात नाही, मासळी कापायची नाही, काटा रुतला तरी सासूनं काढायचा. राहीची आई सखुबाई या बाबतीत फार कडक. तिची स्वतःची दोन पोरं पोटात गेली होती आणि दोन्ही वेळा आपल्याला कुठे काय लागलं होतं, ते ती अजून बोट ठेवून दाखवायची. तिनं राहीला बजावलं, सुई कोकिळेला लागता कामा नये, काय करायचं ते तू कर.

डॉक्टरांना हे सांगायची सोय नव्हती. असल्या गोष्टी ऐकल्या, की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. मग राहीनं सकाळी आपल्या नावावर डावा हात पुढे केला, आणि दुपारी कोकिळेचं लुगडं नेसून, पदर कपाळावर ओढून, उजवा. डॉक्टर तेव्हा बाहेरच्या रोग्यांत गुंतले होते. चष्मेवाल्यानं हात पाहिला, तोंड पाहिलं नाही. नाव काय, म्हणाला. कोकिळा तुळशीराम, राही म्हणाली. त्यानं चिकटपट्टीवर लिहिलं आणि बाटलीवर लावलं. इतकं सोपं झालं, की राहीला घरी जाताना हसू येत होतं.

भाद्रपदात साथ उलटून आली आणि त्याच आठवड्यात मुंबईचा कागद आला. डॉक्टरांनी तो ओट्यावर वाचून दाखवला. सातांपैकी चौघांच्या रक्तात काही नाही. नलूबाईंच्या रक्तात आहे, ते ठाऊकच होतं. शिवाय राहीच्या आणि कोकिळेच्या. कोकिळेच्या तर राहीइतकंच आहे, अगदी आकडासुद्धा तोच, म्हणून डॉक्टर खुशीत हसले. गरोदर बायांवर हा ताप वाईट उलटतो, सगळ्यांत आधी तुलाच घरी पाठवणार होतो, असं ते कोकिळेला म्हणाले. आता भीती नाही. राहीच्या हाताखाली फ्लूच्या वॉर्डात जा.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, हे राहीला तेव्हाही कळत होतं. पण ती विधवा बाई, दवाखान्याच्या मागची खोली हेच तिचं घर. औषधात पाणी घातलं म्हणून जुन्या कंपाउंडरला डॉक्टरांनी उभ्या उभ्या हाकललं होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. सरकारी कागदावर खोटं नाव, म्हणजे पोलीससुद्धा येतील, असं तिच्या मनानं घेतलं. ती मूग गिळून बसली. आणि मनाशी एक तोड काढली: कोकिळेला वॉर्डाचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही. आत सगळं आपण करायचं, तिनं बाहेर विहिरीवर धुवायचं. कपडेसुद्धा आधी आपण उकळायचे, मग तिच्या हातात द्यायचे.

बारा दिवस तिनं दोन बायांचं काम ओढलं. भांडी, पिकदाण्या, चादरी, मेलेल्यांची तोंडं पुसणं. रोज सकाळी कोकिळा विहिरीवर आली, की राही पहिल्यांदा तिचा चेहरा बघायची, मग काही निमित्त काढून हाताला हात लावायची. हात गार लागला, की तो दिवस सुटला. कुणी खोकलं, की ही दचकून मागे बघायची. नलूबाई थट्टेनं म्हणाल्या, राही, तुझ्या भावजयीला तू बरणीत घालून का ठेवत नाहीस?

तेराव्या दिवशी डॉक्टरांनी राहीला मोऱ्याला धाडलं. मुंबईहून पेनिसिलिनची पेटी येणार होती आणि ती भरवशाच्या माणसानंच ताब्यात घ्यायला हवी होती. ओहोटी होती. लाँच समोर दिसत होती, पण धक्क्याला लागायला पाणी नव्हतं. राही चिखलाकडे बघत तीन तास बसून राहिली, उठली, पुन्हा बसली. पेटी घेऊन ती परतली तेव्हा दिवे लागले होते. वॉर्डात कोकिळा एका म्हातारीला छातीशी धरून बसली होती. म्हातारीचा जीव घाबरला होता, खोकल्याची उबळ थांबत नव्हती आणि कोकिळेचा पदर भिजून गेला होता. नलूबाई साध्या वॉर्डात, इथं कुणीच नव्हतं, वन्स, ती म्हणाली. हाक मारीत होती बिचारी.

तिसऱ्या दिवशी हात गरम लागला.

डॉक्टरांनी कोकिळेला तपासलं आणि निर्धास्तपणे सांगितलं, हा फ्लू नव्हे, फ्लू असायचा संबंधच नाही. मिठागरांतल्या डासांचा हिवताप. तिला साध्या वॉर्डात खाट दिली आणि हिवतापाच्या गोळ्या सुरू केल्या. पेनिसिलिन मोजकं होतं, ते फ्लूनं छाती भरलेल्या रोग्यांसाठी कपाटात बंद. राहीनं स्वतः आणलेली पेटी. कपाटाची चावी डॉक्टरांच्या खिशात.

त्या रात्री राहीनं कोकिळेच्या कानाशी लागून सांगितलं, की मी आता डॉक्टरांना सांगते. कोकिळेनं तिचं मनगट धरलं.

"वन्स, नका सांगू. तुमची जागा जाईल. हिवतापच असंल, डाक्टर काय येडा हाय?"

राहीला ते हवंच होतं. कुणीतरी नको म्हणावं, एवढ्याचसाठी तिनं सांगितलं होतं, आणि हे तिला स्वतःलाही कळलं. तरी ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी गोळ्यांनी थोडा घाम आला, तेवढ्यावर तिनं तो दिवस काढला. तिसऱ्या दिवशी कोकिळा वाक्य पुरं करेना, मध्येच श्वास घ्यायला थांबायची. राहीनं देवीला नवस बोलला, सखुबाईनं अंगारा लावला, आणि दोघी एकमेकींच्या नजरा चुकवत राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मासेमारीला गेलेला तुळशीराम आला. होडी रात्री लागली होती, बातमी धक्क्यावर कळली. येताना त्यानं बायकोसाठी शहाळं आणलं होतं. दारातच त्यानं राहीला विचारलं आणि हिवताप ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

"फ्लू न्हाय ना? मंग झालं. तिच्या रगतात हाय म्हनं ते, सगल्या बंदरावर सांगितलं मी. आपल्या कोकिळेला काय होत न्हाय."

राही त्याच्या मागोमाग आत गेली. खिडकीतून उजेड थेट खाटेवर पडला होता. कोकिळेची नखं निळी झाली होती. आषाढात अशी नखं राहीनं नऊ माणसांची पाहिली होती आणि नऊच्या नऊ जणांची तोंडं तिनंच पुसली होती.

डॉक्टर दोन खाटा पलीकडे होते. राही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डाक्टरसायब, त्या कागदावरचं कोकिळेचं रगत माझं हाय. तिची ओटी भरली व्हती म्हनून मी दोनदा दिलं. तिला सुई लागलीच न्हाय. तिला फ्लू हाय."

डॉक्टर ओरडतील, हाकलतील, म्हणून राही खांदे आवळून उभी होती. ते ओरडले नाहीत. जवळजवळ धावतच खाटेशी गेले. कोकिळेला बसती करून त्यांनी पाठीला नळी लावली, वर, खाली, पुन्हा खाली. खिशातली चावी नलूबाईंकडे फेकली आणि पेनिसिलिन म्हणाले. सुई दंडात गेली, तेव्हा कोकिळेनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मग त्यांनी पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. एका बाजूला ऐकलं. नळी हलवून दुसऱ्या बाजूला. तुळशीराम शहाळं हातात धरून उभा होता आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा नळी हलवली, या वेळी फार वेळ ऐकलं, आणि सावकाश उठून तिच्या अंगावर पांघरूण ओढलं.

"आईला वाचवायचं बघतो," ते म्हणाले.

तुळशीरामला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं शहाळं हळूच जमिनीवर ठेवलं, फुटू नये तसं, आणि राहीकडे वळला. लहानपणी बापाचा मार बसला, की तो असाच बहिणीकडे बघायचा.

"आक्का, ताप भरला त्या दिसापासून तुला ठावं व्हतं?"

आईनं सांगितलं होतं. कोकिळाच नको म्हणाली. दोन्ही गोष्टी राहीच्या जिभेवर तयार होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "मला भ्या वाटलं."