कोंडाबाईचा कागदी पेला

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी दुपारी याकोबअण्णा स्वयंपाकघरात बसून प्रभुभोजनाचे इवलेसे काचेचे पेले पुसत होते. निपाणीजवळच्या त्या छोट्या चर्चचे ते पंच. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस त्यांनी मटणाला सोडाच, चहालाही हात लावला नव्हता. उपासना कधी चुकवली नव्हती. पेल्यांच्या ताटात त्यांनी शेवटी एक कागदी पेला ठेवला.

"आज तरी कोंडाबाईला काचेचा द्या की," त्यांची बायको सुवार्ता म्हणाली.

"पंचांनी ठरवलंय. रोगराईचं दिवस हाईत."

"रोगराई काय तिलाच हुती व्हय?"

अण्णांनी ताटावर फडकं झाकलं. कोंडाबाईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गटारं साफ करणारी. तिचा बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली होती, तरी ती दाराजवळच बसायची.

संध्याकाळी चर्च भरलं. सगळ्यांनी मिळून एकदम प्यायचं म्हणून बाकांवरच्यांच्या हाती द्राक्षरसाचे पेले देऊन अण्णा ताट घेऊन दाराशी आले. कोंडाबाईनं दोन्ही हातांनी कागदी पेला घेतला. तो ओला होऊन तळाशी सुटला होता. द्राक्षरस तिच्या पांढऱ्या लुगड्यावर आणि फरशीवर सांडला. ती घाबरून पदरानं फरशी पुसू लागली.

"चुकलं अण्णा. म्या धुती समदं."

सुवार्ता बाकावरून उठली. आपला भरलेला पेला तिनं कोंडाबाईपुढं धरला. "हे घ्या मावशी."

कोंडाबाई मागं सरकली. "नगं बाई. बाटंल त्यो."

गाणं म्हणणारे थांबले. देवाच्या घरात हा शब्द उच्चारला गेला होता. तो कोंडाबाईच्या तोंडून आला असला, तरी तिला तिथं कुणी शिकवला होता, हे अण्णांना त्याच क्षणी कळलं.

"मग मीबी न्हाय घेत," म्हणत सुवार्ता तिच्याजवळ फरशीवर बसली. आणखी दोन बायकांनी पेले खाली ठेवले. बाकीच्यांनी माना खाली घालून पिऊन टाकले.

अण्णांना आपल्या पेल्यातला घोट घेता आला नाही. त्यांच्या आजोबांना बाजारात चहा मिळायचा तो हॉटेलाबाहेर ठेवलेल्या फुटक्या कपात. हे सांगताना वडिलांचा आवाज कापायचा. त्या अपमानातून सुटायला आजोबा येशूच्या पायाशी आले होते. आणि नातवानं तोच कप चर्चमध्ये आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. येशूनं प्राण सोडला त्या तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा अण्णांचा तरुणपणापासूनचा नेम. चर्चची दुपारी बाराची घंटा झाली तेव्हा ते कोंडाबाईच्या दारात उभे होते.

"कोंडाक्का, माझं लई चुकलं."

ती गोंधळली. काय बोलावं ते न सुचून तिनं तांब्याभर पाणी आणलं. अण्णांचा हात क्षणभर अडला, तो उपासामुळं. पण तिला ते कसं कळावं? तिचा चेहरा उतरला.

"राहू द्या अण्णा."

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तांब्या ओढूनच घेतला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. डोळ्यांतलं पाणीही त्यातच मिसळलं.

कोंडाबाई बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "हितं पिलासा, बरं वाटलं. हितं कोन बगतंय? परवा ईस्टरला समद्यांच्या म्होरं माझ्या हातचं पिशीला?"

धर्माचे सगळे नियम तोंडपाठ असलेल्या त्या माणसानं रिकामा तांब्या हळूच उंबऱ्यावर ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. पण मान काही वर झाली नाही.