माझ्या काठावरची नावं

मित्रांनो, मी फारसी मुलखातल्या यज्द शहरातलं एक जुनं दानपत्र आहे. आमच्याकडे मला वक्फनामा म्हणतात. वय दीडशेच्या वर, अंगावर सात घड्या, पण शाई अजून काळीभोर!

मला खळ लावून, गुळगुळीत दगडानं घोटून तकाकी आणली होती. तलअत खानम नावाच्या बाईंनी आपली डाळिंबाची बाग दान केली, तेव्हा लेखनिकानं बोरूनं माझ्यावर लिहिलं की बाग सगळ्यांची, तिचं दार कुणालाही बंद व्हायचं नाही. खाली बाईंचा शिक्का उमटला. तेव्हा लोक हात धुऊन मग मला उचलत. पुढे कुणाला माझं अक्षरच लागेना. बागेची देखरेख करणाऱ्या घरात मी पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो.

एक दिवस बाईंचा खापरपणतू मनूचेहर बागेत आला. हातात नवंकोरं कुलूप. "शुक्रवारपर्यंत कागद दाखवा," तो म्हणाला, "नाहीतर बाग माझी."

देखरेख करणाऱ्या त्या घरातली सोळा वर्षांची नियूशा सहा महिने दर गुरुवारी उस्ताद फर्रुख यांच्याकडे जुनी फारसी लिपी शिकत होती. "मी वाचते की! त्यात काय मोठं?" असं म्हणून तिनं मला डब्यातून काढलं. माझ्या एकेका ओळीचा फोनवर फोटो घेतला, काठ छाटले, अक्षरं मोठी केली. गिचमिड, अक्षरांचे ठिपके, म्हणजे नुक्ते, गायब, तरी पोरीनं दोन दिवसांत नक्कल उतरवली. शेवटी लिहिलं, "ही बाग ज्यांच्या नावे दिली, त्यांचं नाव कुणीतरी खरवडलं आहे." उस्तादांना न दाखवताच तिनं ती सगळ्या मोहल्ल्याला पाठवली.

मनूचेहर खूश! "बाग कुणाच्या नावे दिली तेच नाही, मग दान कसलं? आणि हे मी नाही, तुमचीच पोर म्हणतेय!"

रडवेली नियूशा मला घेऊन उस्तादांकडे धावली.

"खरवडलं की कागद पातळ होतो," उस्ताद म्हणाले. "उजेडात धर बरं."

मी तिथे मुळीच पातळ नव्हतो.

"फोटोत तर जागा रिकामी दिसते, उस्ताद!"

"फोटोत तू माणसाचं मुंडकं उडवलंयस, बाळ. आधी अख्खं पान बघायचं, मग ओळ."

तिनं मला पूर्ण उलगडलं. वर, उजव्या काठावर, एकाखाली एक तीन नावं होती. अल्लाह, पैगंबर आणि इमाम हुसेन. आमचे लेखनिक अशी नावं इतर शब्दांच्या गर्दीत बसवत नसत. आदरानं वर लिहीत आणि ओळीत त्यांची जागा मोकळी सोडत. माझ्यात मोकळ्या जागाही तीनच होत्या. पहिलं नाव पहिल्या जागी, तिसरं तिसऱ्या, आणि बाग ज्यांच्या नावे दिली ती जागा तिसरीच. बाग इमाम हुसेन यांच्या नावे, सगळ्यांसाठी दिलेली होती!

शुक्रवारी बागेत सगळे जमले. चहा फिरला, साखरेचे खडे गालात गेले. नियूशा उभी राहिली. मला तिनं दोन्ही हातांत उलगडून धरलं होतं.

"चूक माझी होती. कागदाची नाही," ती म्हणाली.

"परवा एक, आज एक!" मनूचेहर हसला. "उद्या काय वाचशील, पोरी?"

"तुम्हीच बघा ना, आगा. वरची नावं मोजा, खालच्या जागा मोजा."

त्यानं मोजलं. एकदा, मग पुन्हा, बोट ठेवून. शेवटी त्यानं शिक्क्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"शिक्का खालून वर वाचायचा," नियूशा हळूच म्हणाली. "तलअत. तुमच्या खापरपणजीबाई."

"आमच्या घरात कुणाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं," तो पुटपुटला. "परत वाच."

तिनं परत वाचलं. कुलूप त्याच्या खिशात गेलं. दार आजही उघडं आहे.

आता मी सपाट खोक्यात, सुती कापडात पडून असतो. नियूशाची नवी नक्कल माझ्या शेजारी आहे. तिनंही तीन जागा मोकळ्या सोडल्या आहेत आणि नावं वर लिहिली आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा कागद असेल. त्याला घडी घालू नका, चिकटपट्टी लावू नका. आणि फोटो काढाल, तेव्हा एवढं करा, थोडं मागे सरका. माझे काठही येऊ द्या.