लेकीच्या घरचं पाणी

अमरावती-अकोला नवी लोकल सुरू झाली आणि आमच्या भगवंतरावांना तिच्यात बसायची घाई झाली. माझा जीव मात्र दुसरीकडेच होता. आमची लेक दामिनी अकोल्याला असते. लग्नाला सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. आणि नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा यांचा हट्ट. दर खेपेला घरून बाटली न्यायची, बसस्टँडवर बसून भाकर खायची. मला या रिवाजाचा मनस्वी राग आहे. मी तिच्या स्वयंपाकघरात चोरून खाते. या वेळी दामिनीनं फोनवर सांगूनच टाकलं होतं, "बाबा उपाशीच वापस जानार असतीन, तं येऊच नका."

गाडी फलाटाला लागली तशी यांनी एसटीच्या सवयीनं खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकून जागा धरली. आत जाऊन बघतो तर डबा अख्खा रिकामा!

मी सगळं बघून घेत होते. गाडीला दोन्हीकडून सारखंच तोंड, मग पुढची बाजू कोणती? गार्ड चढला ते मागचं टोक, असं मी ठरवलं. तेवढ्यात दामिनीचा फोन आला, "कोन्या डब्यात बसल्या?"

"मागून दुसऱ्या," मी सांगितलं. मला वाटलं, अकोल्याला स्टेशनवर येणार असेल.

वाटेत मूर्तिजापूर आलं आणि दामिनीच डब्यात चढली. सकाळच्या बसनं इथवर आली होती. दुपट्टा उचलून ती यांच्या शेजारी बसली आणि जेवणाचा डबा उघडला. भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा.

"काहून आली वो इथं?" हे म्हणाले.

"बाबा, हे माह्यं घर थोडीच व्हय? रेल्वे हाये. खा आता."

"चूल तं तुहीच ना?"

दामिनीचे डोळे भरले. "लेकरू नाही झालं, त्यात माह्या चुलीचा काय गुन्हा, बाबा?"

यांनी डबा जवळ ओढला. मग भाकरीचा तुकडा मोडला. दुसरी भाकरही मागून घेतली.

अकोल्याला घरी पोचलो. दामिनीनं सवयीनं यांना पाणी विचारलंच नाही. यांनी पिशवीतली बाटली काढली, हलवून पाहिली. अर्धी भरलेली होती, मी बघितलं ना.

"संपलं," हे म्हणाले. "पानी दे वो, बाई."