शालिग्रामआबांचं हसू

डोणगावात शाइस्ताचं फ्लेक्सचं दुकान आहे. अन्नपूर्णाबाई तिथे नवऱ्याच्या, शालिग्रामआबांच्या तेरवीच्या बॅनरसाठी आधार कार्डावरचा फोटो घेऊन आल्या. पूर्वी असला धुरकट फोटो साफ करण्यात शाइस्ताची अख्खी सकाळ जायची. आता सॉफ्टवेअरमध्ये एआयचं बटण आलं होतं. तिनं ते दाबलं आणि शालिग्रामआबा बत्तीशी दाखवून हसले.

"हा कोन व माय?" अन्नपूर्णाबाई दचकल्या.

"आबाच हायेत, आजी."

"हट! पोरगा झाला तवाबी हासले नाहीत हे. लोक म्हनतीन, बायकोपासून सुटले म्हनून हासून राह्यले!"

शाइस्तानं एआयला चेहरा रागीट करायला सांगितलं. त्यानं आधी आबांना रडवलं, मग मिशा लावून त्यांचा डाकू केला. अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून खुदखुदू लागल्या. शेवटी वैतागून शाइस्तानं माऊस धरला आणि जुन्या पद्धतीनं स्वतःच आबांचे ओठ मिटवले, भुवया खाली ओढल्या, कपाळावर आठ्या घातल्या.

अन्नपूर्णाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"हाव, हेच ते," त्या म्हणाल्या. "पन एक आठी कमी कर, माय. आता मी त्यायले काऊन भेऊ?"